गॅस आणि टेन्शन

लालबाग,
२१ जानेवारी २०२५

चि. नलूस शिवाभावोजींचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तुझं दिवाळीचं पत्र उशाखाली ठेवलं होतं. आज लिहू, उद्या लिहू करता करता संक्रांतही गेली. तू म्हणशील, फोन करायचा. पण मिलच्या साचाखात्यात, त्या सगळ्या मागांच्या खडखडाटात ज्याचे कान गेले त्याने फोन केला की तो स्वतःच ओरडतो आणि समोरचं त्याला काही ऐकू येत नाही. मला जे विचारायचं आहे ते अख्ख्या चाळीने ऐकावं असं नाही.

गोष्ट अशी की मला काहीतरी मोठं झालं आहे आणि घरचे ते माझ्यापासून लपवत आहेत.

दत्तजयंतीच्या सुमारास गॅलरीत उभा होतो आणि छाती धडधडायला लागली. हात गार, तोंडाला कोरड, जीव घशाशी आला. स्वप्नीलने टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे सगळी मशिनं झाली. वायरी लावल्या, पट्ट्यावर चालवलं, नळीतून रक्त नेलं. शेवटी एक डॉक्टरीण आली, अनुजा नावाची. वयाने तुझ्या नातीपेक्षा, रुचापेक्षा फार मोठी नसेल. मला विचारते, "काका, झोप लागते का?" मी म्हटलं, "वय झालं." मग म्हणते, "कसली काळजी वाटते? मनात काय चालू असतं?" मी म्हटलं, "बाई, मी छाती दाखवायला आलो आहे. मन दाखवायचं असतं तर देवळात गेलो असतो." तर ती हसली. ज्या डॉक्टरला हसू येतं त्याला आजार सापडलेला नसतो, किंवा सापडलेला असतो आणि सांगायचा नसतो.

म्हणाली, हृदय चांगलं आहे, हा स्ट्रेस आहे. ताण. स्ट्रेस म्हणजे हल्लीच्या पोरांना सर्दीसारखा होतो ते. स्वप्नीलच्या ऑफिसात तो घालवायला एक वेगळी खोली आहे म्हणे, तिच्यात मऊ पिशव्यांवर लोळायचं. त्याच जागेवर आमची मिल होती. आम्ही तिथे उभ्याने भाकरी खाल्ली. आम्हाला कोणी पिशवी दिली नाही, आणि आम्हाला स्ट्रेसही झाला नाही.

पण खरं पुढे आहे. बाहेर आलो तर स्वप्नील माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "बाबा, काही नाही. थोडा गॅस आणि टेन्शन."

नलू, हे शब्द कोणाचे ते तुला माहीत आहे. सात वर्षांपूर्वी तुझ्या बहिणीला कॅन्सर निघाला तेव्हा हेच शब्द मी तिला सांगितले होते. तू शेजारी पिशवी धरून उभी होतीस. शेवटपर्यंत आपण तिला गॅस आणि टेन्शनच सांगितलं. आपल्या लोकांत मोठं दुखणं कोणी तोंडावर सांगत नाही. हलकं असलं तरच गल्लीभर सांगतात.

तू स्वप्नीलची मावशी आहेस, तुझ्याशी तो खोटं बोलणार नाही. त्याला विचार, मला काय झालं आहे आणि किती पुढे गेलं आहे. आणि पाकिटाला डिंक नीट लाव. श्रेयाला पाकीट उघडायची सवय नाही, पण सुनेचं काही सांगता येत नाही.

तुझा,
शिवाभावोजी

फणसवाडी,
३० जानेवारी

ती. भावोजींस नलूचा नमस्कार.

डिंक लावला आहे. हवं तर पुढच्या वेळी वरून लाखेचा शिक्का मारते.

स्वप्नीलला फोन केला. बिचारा मीटिंगमधून बाहेर आला. म्हणाला, "मावशी, देवाशपथ सगळे रिपोर्ट क्लीन आहेत. मी किती सांगू? मी जेवढं सांगतो तेवढा त्यांना संशय येतो. रात्रभर उठून उठून गॅसचं बटण बघतात, मग कडी बघतात, मग परत बटण." मी त्याच्यावर मावशीपणा करून, दरडावून, आईची आण घालून विचारलं. तुम्हाला काहीही झालेलं नाही. छापून आणू का?

आपली रुचा डॉक्टरकीच शिकते आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, अंगावर बैल धावून आला तर माणसाचं अंग पळायची तयारी करतं. छाती जोरात चालते, रक्त पायांकडे जातं, हात गार पडतात, पोट काम थांबवतं कारण पळताना जेवायचं नसतं. बैल गेला की अंग परत जागेवर येतं. म्हणाली, तुमच्या भावोजींचा बैल जात नाही, आजी. मी म्हटलं, अगं तो जाईल कसा, ह्यांनीच त्याला दावं लावून दारात बांधून ठेवला आहे.

लग्नात बोहल्यावर उभे होतात तेव्हाही तुम्हाला भीती होती की अक्षता डोळ्यात जातील. ताईने मला नंतर सांगितलं. सगळे मंगलाष्टकं म्हणत होते आणि नवरदेव डोळे मिटून उभा.

आणि एक विचारते. तुमच्या पत्रात सगळं आहे, अगदी मऊ पिशव्या सुद्धा. पण तुमची चाळ पाडायची ठरली आहे आणि पाडव्यापर्यंत खोली खाली करायची आहे याबद्दल एक ओळ नाही. हे मला स्वप्नीलकडून कळलं. पन्नास वर्षं एका खोलीत राहिलेला माणूस ती सोडतो आहे आणि बहाद्दर म्हणतो मला ताण नाही, आजार शोधा.

गोळी दिली आहे ती घ्या आणि मुकाट्याने जेवा.

नलू

लालबाग,
१० फेब्रुवारी

चि. नलूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तू पण त्यांना सामील झालीस एवढं कळलं. मला वाईट वाटलं नाही. तू तेव्हाही कुणाला तरी सामील होतीसच, तेव्हा मला होतीस.

पण मला एक कळत नाही, तुम्ही लोक मला इतका कच्चा समजता? हे नाटक मी स्वतः बसवलं होतं. परळच्या त्या कॅन्सरच्या हॉस्पिटलाचं नाव घेतलं की लहान पोराला सुद्धा कळतं तिथे काय असतं. तिथे मी कालिंदीला महिनोन् महिने नेलं आणि तिला संशय येऊ दिला नाही. बसमधून आधीच्या स्टॉपला उतरवायचो आणि मागच्या दाराने न्यायचो. म्हणायचो, इथे पोटाचं पण बघतात. रांगेतल्या बाईने तिला काही विचारू नये म्हणून मी मधे बसायचो. केस गेले तेव्हा म्हटलं, गोळ्या गरम आहेत. एवढं पट्टीचं काम करणाऱ्या माणसाला काल जन्मलेली पोरं फसवणार?

पुरावे सांगतो.

स्वप्नील आणि श्रेया रोज संध्याकाळी गॅलरीत उभे राहून कुजबुजतात. मला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी मी आलो की गप्प होतात. बहिऱ्यासमोर गप्प होण्याची गरज काय? गेल्या बुधवारी पापलेट आणलं. सण नाही, पाहुणा नाही. एक मोठा तुकडा माझ्या ताटात. आणि काल काय झालं ते ऐक. मी डोळे मिटून पडलो होतो. श्रेया टेप घेऊन आली आणि माझ्या खाटेपासून कपाटापर्यंत मापं घ्यायला लागली. लांबी घेतली, रुंदी घेतली, मोबाइलमध्ये लिहून ठेवली. मी श्वास धरून पडलो होतो. जिवंत माणसाचं माप घेतात ते कशासाठी, तूच सांग.

चाळीचं म्हणशील तर मला चाळीचं काही नाही. चाळ बिल्डरची, भिंती बिल्डरच्या. त्याची माणसं आली आणि आमच्या दारावर लाल रंगाने फुली मारून गेली. फुली पुसायला गेलो तर ओल्या रंगाने हात भरला एवढंच. ताणबिण काही नाही.

जेवण जात नाही. घास तोंडात फिरतो. सदरे सैल झाले आहेत. सकाळी उठलो की जबडा दुखतो, रात्रभर कोणी दात दाबून धरल्यासारखा. हात थरथरतो, हे अक्षर बघ. हे सगळं काय गॅसने होतं? डॉक्टरीणबाईंची गोळी मी तुळशीत टाकतो. तुळस चांगली फोफावली आहे, तिला टेन्शन राहिलं नाही.

माझं ठरलं आहे. शिमग्याला गावाला जातो आणि तिथेच राहतो. तिथे पडून राहायला कोणाचा नंबर लावावा लागत नाही. स्वप्नीलला सांगितलं नाही. तू सांगू नकोस. फक्त खरं काय ते मला लिही. माझ्या मरणाची गोष्ट मला शेवटी कळावी हे काही बरोबर नाही.

शिवाभावोजी

फणसवाडी,
१८ फेब्रुवारी

ती. भावोजींस नमस्कार.

पट्टीच्या नटाला नलूचा मुजरा.

हे मी तुम्हाला जन्मात सांगणार नव्हते. ताईने मला बोलू नको म्हणून बजावलं होतं. पण तुम्ही उपाशी राहून, तुळशीला गोळ्या घालून, गावाला मरायला निघाला आहात तर आता ऐका.

ताईला सगळं माहीत होतं.

हॉस्पिटलातून तिला पहिल्यांदा घरी आणलंत त्याच आठवड्यातली गोष्ट. मी तुमच्याकडे होते. आमटीत मीठ जास्त पडलं होतं, मला घोट गिळवेना. तुम्ही भुरकलीत आणि म्हणालात, "छान झाली आहे हो." 'हो' लावलंत भावोजी. तिच्या हातच्या आमटीला तुम्ही लग्न झाल्यापासून कधी छान म्हटलं नव्हतं. 'समुद्रावरून आणलीस का' असं म्हणणारे तुम्ही. तुम्ही हात धुवायला मोरीत गेलात आणि ताई माझ्या कानाशी आली. तिचे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. "नले, ह्येंनी माका चार दिस एक गाळ घालूक नाय. माझां काय आता खरां नाय." चार दिवसांत तुमची एक शिवी नाही, एवढ्यावरून तिने ओळखलं.

मी रडायला लागले तर मलाच चिमटा काढला. म्हणाली, "गप. त्येंका नाटक करूं दे. दुसरां काय जमतां त्येंका?"

पुढे पुढे ती मुद्दाम आमटीत मीठ जास्त घालायची. तुम्ही किती गोड बोलता त्यावरून तिला कळायचं दुखणं कुठवर आलं. एकदा तुम्ही दुसरी वाटी मागून घेतलीत. त्या दिवशी तिने मला बोलावून कपाटातल्या साड्या कोणाला कुठली द्यायची ते सांगितलं. आणि ती मागच्या दाराने जायची ना, तिला त्या हॉस्पिटलातल्या आया नावाने ओळखत होत्या. तुम्ही केसपेपरच्या रांगेत असायचात तेव्हा ती त्यांच्याशी गप्पा मारायची.

आता तुमच्यासाठी एवढंच सांगते. मशिनांवर तुमचा विश्वास नाही, डॉक्टरीण हसते म्हणून तिच्यावर नाही, माझ्यावर नाही. मग ताईच्या पद्धतीने बघा. मरणाऱ्या माणसाशी घरातले गोड बोलतात. आठवडाभर नीट लक्ष ठेवा, तुमच्याशी कोण गोड बोलतंय. श्रेया तुमच्यावर अजून खेकसते का? स्वप्नील वैतागतो का? मग मला लिहा.

मला उद्या रुचा कसल्या तरी तपासणीला नेते आहे. म्हणते, आजी, तुझं वजन उतरलं. मी म्हटलं, अगं गुडघे नवे बसवले तेव्हा जुने काढून घेतले, तेवढं उतरणारच.

नलू

लालबाग,
१९ मार्च

चि. नलूस आशीर्वाद.

महिनाभर लिहिलं नाही. या वेळच्या उशिराची माफी मागत नाही, चूक तुझी आहे. असं काही पोस्टाने पाठवतात का? पाकीट उघडलं, वाचलं, आणि दोन दिवस तेच परत परत वाचत बसलो. ती साड्या वाटून बसली होती आणि मी इकडे बसचे स्टॉप चुकवत होतो. तुम्ही दोघी बहिणी बसून मला हसत असाल.

मग तुझ्यावरच्या रागाने म्हटलं, बघू तर खरं घरात कोण गोड बोलतं. बघायला लागलो आणि नलू, माझ्याशी कोणीही गोड बोलत नाही.

पहिल्याच दिवशी गॅसचं बटण माझ्या हातात आलं. तुटलं. श्रेया ऑफिसला निघालेली, चप्पल घातलेली, तशीच परत आली. "बाबा, तुटलं ना शेवटी? किती पिळायचं ते? आता सिलिंडर उशाशी देऊ का तुमच्या?" स्वप्नीलला सांगायला गेलो तर तो दाढी करत होता. "बाबा, प्लीज यार. सकाळी सकाळी नको." बापाला यार म्हणतो. मी आंघोळीला वेळ लावला म्हणून बोलणी खाल्ली, टीव्ही मोठा लावला म्हणून खाल्ली, दूध उतू गेलं ते मी बघत उभा होतो म्हणून तर दोन वेळा खाल्ली. आठवडाभर असंच. मला वाटलं एखादा तरी शब्द गोड निघेल. रविवारी मुद्दाम विचारलं, "श्रेया, मी जाड झालो का बारीक?" ती म्हणाली, "तुम्ही आधी खिडकीतून बाजूला व्हा, उजेड येत नाही."

त्या दिवशी मी दोन वेळा भात घेतला.

मग धीर करून टेपचं विचारलं. ती कपाळाला हात लावून खालीच बसली. "बाबा, तुमचं ते लाकडी कपाट नव्या घराच्या दारातून जात नाही, आणि तुम्ही ते सोडणार नाही. म्हणून कपाटाचं माप घेत होते. तुमचं नाही घेतलं." आणि गॅलरीतली कुजबुज म्हणजे भांडण. तिला भाड्याचं घर डोंबिवलीला हवं होतं, तिच्या माहेराजवळ. स्वप्नील म्हणत होता परळच्या पुढे बाबांना न्यायचं नाही. माझ्यावरून भांडण म्हणून मी आलो की गप्प. परळ झालं, भोईवाड्यात, अकराव्या मजल्यावर. श्रेया हरली, म्हणून जास्त खेकसते. पापलेट ऑफिसातल्या कोणी तरी ससून डॉकवरून आणून दिलं होतं. विचारून घेतलं तेही.

गावाला गेलो नाही. शिमग्याची पोळी इथेच खाल्ली.

त्या डॉक्टरीणबाईंकडे परत गेलो. ती परत हसली. या वेळी मी ते चालवून घेतलं. म्हणाली, "काका, आता तरी सांगा, त्या वेळी मनात काय येतं?" मी सांगून टाकलं. तुलाही सांगतो, कारण तूच चाळीचं विचारलं होतंस. कालिंदी या खोलीत गेली. खिडकीखालची जागा तिची. ही खोली पाडली की तिने जायचं कुठे, असा विचार येतो. वेडेपणा आहे, मला कळतं. तो विचार आला की तो पुरा करत नाही, उठतो आणि गॅसचं बटण बघतो. बटण बघून झालं की तो परत येतो, की मी कडी बघतो. मग छाती सुरू होते.

डॉक्टरीण त्यावर हसली नाही. बराच वेळ बोलली. सगळं कळलं असं नाही, पण मी माझ्या परीने लावून घेतलं. तिला बोललो नाही, उगाच शहाणपणा नको. मागावर सुताला ताण द्यायला मागच्या बाजूला वजनं लावतात. ताण नसेल तर कापड होत नाही. फार झाला तर सूत तुटतं, पण तुटतं ते वजनापाशी नाही, पुढे कुठे तरी. नवा माणूस जिथे तुटलं तिथेच गाठी मारत बसतो. मी छातीला गाठी मारत बसलो होतो.

आता गोळी मी घेतो. तुळस जरा उतरली आहे. रोज सकाळी श्वास आत घ्यायचा, थांबवायचा, सोडायचा असं काहीतरी करायला सांगितलं आहे. तद्दन फालतू प्रकार आहे. करतो. झोप येते.

तुझ्या तपासणीचं काय झालं ते लिहिलं नाहीस.

शिवाभावोजी

फणसवाडी,
२७ मार्च

प्रिय भावोजी,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वाचून फार समाधान वाटलं. तुम्ही किती समजूतदारपणे सगळं घेतलंत. प्रत्येकाला असं जमत नाही. श्रेया आणि स्वप्नील दोघंही गुणी आहेत, त्यांना सांभाळून घ्या. नवं घर तुम्हाला लाभेल अशी माझी खात्री आहे.

माझी तपासणी झाली. काळजीचं काही नाही. थोडा गॅस आणि टेन्शन. रुचा माझी फार काळजी घेते.

मी तुम्हाला आजवर पुष्कळ टाकून बोलले. मनात ठेवू नका. ताईचं तुम्ही जेवढं केलंत तेवढं कोणी करत नाही हो.

तब्येतीला जपा. माझं पत्र यायला उशीर झाला तरी काळजी करू नका.

तुमची,
नलू

भोईवाडा, परळ,
३ एप्रिल २०२५

नलू,

आशीर्वाद मागून देतो, आधी बोलून घेतो.

तुझं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. पोस्टमनला मी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मिळालं. सामान अजून उघडलेलं नाही, मी कपाटावर कागद ठेवून उभ्याने लिहितो आहे. कपाट आत आलं. श्रेयाने त्याचे दरवाजे सुटे करून घेतले आणि सुताराला आणि मला दोघांनाही यथेच्छ बोलली.

पत्र वाचलं आणि छाती धडधडायला लागली. हात गार, तोंडाला कोरड. तेच सगळं. मी उठून बटण बघायला गेलो नाही. तिथेच उभा राहिलो आणि मनात काय आलं ते पुरं होऊ दिलं.

तुझ्या पत्रात एकही टोमणा नाही. मी शोधला. उलटसुलट करून शोधला, पाकिटाच्या आत बघितलं. मला समजूतदार म्हणालीस. मला. आणि शेवटी 'कोणी करत नाही हो'. 'हो' लावलंस नलू.

पहिल्यांदा वाटलं, म्हणजे मीच चाललो. तुला ते कळलं आणि तू गोड झालीस. पण आज सकाळीच श्रेयाने मला माझ्या दातांच्या कवळीवरून बोल बोल बोलून घेतलं, आणि स्वप्नील म्हणाला, "बाबा, आता या घरात तरी नवीन काही सुरू करू नका." मी मरत नाही. ते मला आता पक्कं माहीत आहे.

मग राहिलं कोण?

गॅस आणि टेन्शन मला सांगतेस? हे नाटक माझं आहे. त्यातला प्रत्येक शब्द मी बसवला आहे, आणि ते कसं पकडायचं हे तूच मला शिकवलंस. वजन उतरलं ते गुडघ्यांमुळे नाही. तुझी मोठी बहीण बरी नाटकी होती, तू तर अगदीच कच्ची आहेस. एका पत्रात पकडली गेलीस.

रुचाला फोन करू शकत नाही, केला तर ऐकू येणार नाही. स्वप्नीलला करायला सांगितला, तर तो फोनवर बोलता बोलता गॅलरीत गेला आणि कुजबुजायला लागला. परत आला आणि म्हणाला, मावशी ठीक आहे. म्हणजे त्यालाही सांगितलं आहे आणि मला सांगायचं नाही असं ठरलं आहे. ठरवा. माझ्याबाबतीत तुम्हाला आजवर कधी काही जमलं आहे?

हा रविवार सामान लावण्यात जाणार. पुढच्या रविवारी मी फणसवाडीत येतो आहे. तुझे जिने चढेन. वर येईस्तोवर छाती धडधडली तर धडधडू दे, डॉक्टरीणबाई म्हणते त्याने माणूस मरत नाही. ती हसून सांगते म्हणून मी आता खरं मानतो. तुझ्या हॉस्पिटलातही मी येणार. पुढच्या दाराने जायचं. ज्या स्टॉपला उतरायचं त्याच स्टॉपला उतरायचं. रांगेत बायका तुझ्याशी बोलल्या तर मी मधे बसणार नाही.

आणि गोड मी बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्या कामात मी कसा आहे ते कालिंदीने तुला सांगितलंच आहे. रविवारी आमटी कर. मीठ जास्त टाक, हवं तेवढं टाक. मी भुरकणार आणि म्हणणार, समुद्रावरून आणलीस का.

पत्ता वर लिहिला आहे, तो नीट उतरून घे, अकरावा मजला. उत्तर लगेच टाक, रविवारच्या आधी माझ्या हातात पडू दे. चार ओळी पुरेत. पण त्यातल्या तीन तरी मला शिव्या असू देत नलू, मी वाट बघतो आहे.

शिवाभावोजी